विष रोखलं म्हणजे जंतू रोखला का? पोटाच्या संसर्गावरच्या टॉक्सिन-लशींचं टीकात्मक वाचन



पीएचडीचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये हल्ली एका आशयाचं वाक्य हमखास असतं: अमुक जीवाणूचं अमुक टॉक्सिन हे रोगाचं मुख्य कारण आहे, म्हणून ते लशीसाठी उत्तम लक्ष्य आहे. पुढे लगेच एपिटोप, डॉकिंग, रंगीत आकृत्या सुरू होतात. गाईडही मान डोलावतात, कारण वाक्य वाचायला अगदी सरळ वाटतं.

आज मला त्या वाक्यातल्या 'म्हणून' या एका शब्दावर बोलायचं आहे. कारण याच 'म्हणून'वर विसंबून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पोटाच्या संसर्गांवर बऱ्याच लशी बनल्या. त्यातल्या काही उंदरात झकास चालल्या आणि माणसात आपटल्या, तर काही वेगळ्याच कारणाने चालल्या. तुम्ही या क्षेत्रात पाऊल टाकणार असाल तर तीन-चार वर्षं या शब्दावर लावण्याआधी तो एकदा वाजवून बघायला हवा.

ही कल्पना आली कुठून?

कल्पना मुळात चुकीची नाही. घटसर्प आणि धनुर्वात ही तिची दोन सगळ्यात मोठी उदाहरणं. धनुर्वाताचा जंतू जखमेत एका जागी बसलेला असतो. माणूस मरतो तो त्याच्या विषामुळे. घटसर्पातही घशातला जंतू विष सोडतो आणि ते विष हृदयापर्यंत, नसांपर्यंत जातं. विष रक्तातून किंवा ऊतींमधून प्रवास करतं, आणि लशीमुळे तयार झालेल्या अँटिबॉडी तिथेच असतात. विष वाटेतच पकडलं जातं. म्हणून विषाला रसायनाने निष्प्रभ करून, म्हणजे टॉक्सॉइड बनवून, टोचलं की काम होतं. आपल्या सगळ्यांच्या दंडात लहानपणी हेच टोचलेलं आहे.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि पाठ्यपुस्तकं ती घाईघाईत सांगतात. घटसर्पाची लस घेतलेल्या माणसाच्या घशात घटसर्पाचा जंतू राहू शकतो. लस प्रामुख्याने रोग अडवते. संसर्ग अडवेलच असं नाही. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता हीच कल्पना पोटाकडे नेली की काय होतं ते बघू.

एच. पायलोरी: जठरातला भाडेकरू

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जीवाणू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वॉरेन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटातला, म्हणजे निश्चित, कर्ककारक ठरवलं. संसर्ग बहुतेक वेळा लहानपणीच होतो आणि औषध दिलं नाही तर आयुष्यभर टिकतो. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना अल्सर होतो, आणि थोड्यांना अनेक दशकांनी जठराचा कर्करोग.

या जंतूची दोन हत्यारं प्रसिद्ध आहेत. पहिलं व्हॅक-ए. हे बाहेर सोडलं जाणारं टॉक्सिन. पेशींमध्ये मोठाले पोकळ फुगे तयार करतं. दुसरं कॅग-ए. याला टॉक्सिन म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल, कारण जंतू ते मोकळं सोडत नाही. सुईसारख्या एका यंत्रणेतून थेट जठराच्या पेशीत ढकलतो. ज्या स्ट्रेनमध्ये कॅग-ए असतं त्यांचा अल्सर आणि कर्करोगाशी जास्त संबंध दिसतो.

मग साहजिकच विचार आला: रोग यांच्यामुळे होतो ना, मग लस यांच्याविरुद्धच बनवू.

१९९५ मध्ये इटलीतल्या सिएनाच्या गटाने 'सायन्स'मध्ये एक महत्त्वाचं काम छापलं. रुग्णांकडून मिळवलेल्या ताज्या जंतूंनी उंदरात टिकाऊ संसर्ग घडवणारं मॉडेल त्यांनी उभं केलं, आणि शुद्ध केलेलं व्हॅक-ए तोंडावाटे दिल्यावर उंदरांना संरक्षण मिळतं हे दाखवलं. हे काम खरंच चांगलं होतं. त्या आधी अशा प्रयोगांसाठी धड मॉडेलच नव्हतं.

पुढे व्हॅक-ए, कॅग-ए आणि नॅप नावाचं तिसरं प्रथिन अशी तिघांची मिळून एक लस तयार झाली. सोबत ॲल्युमिनियमचं क्षार, आणि इंजेक्शन स्नायूत. बीगल कुत्र्यांमध्ये चांगले निकाल आले. २००८ मध्ये माणसांवरच्या पहिल्या टप्प्याचे निकाल आले: लस सुरक्षित, अँटिबॉडी भरपूर. सगळे खूश.

आणि मग २०१८ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये खरी परीक्षा छापून आली. निरोगी स्वयंसेवकांना लस किंवा प्लासिबो दिलं, आणि नंतर त्यांच्यातल्या काहींना कॅग-ए असलेला जिवंत जंतू मुद्दाम पाजला. निष्कर्ष: रक्तात अँटिबॉडी वाढल्या, पण प्लासिबोच्या तुलनेत जास्तीचं संरक्षण काही मिळालं नाही.

पहिल्या टप्प्याच्या निकालापासून दहा वर्षं. मला इथे त्या गटाला दोष द्यायचा नाही. असा नकारात्मक निकाल नीट छापणं हीच मोठी गोष्ट आहे. मला दोष दिसतो तो पुढच्या रिव्ह्यू पेपरांमध्ये. त्यातले बरेचसे २००८ चा निकाल आनंदाने उद्धृत करतात आणि २०१८ चा एका ओळीत उरकतात. तुम्ही वाचाल तेव्हा उलट करा.

मग गाडी कुठे अडली?

मला यात चार सांधे कच्चे दिसतात.

*पहिला सांधा: जंतूला ते हत्यार जगण्यासाठी लागतं का?*

व्हॅक-ए काढून टाकलेला जंतूसुद्धा प्रयोगातल्या प्राण्यांच्या जठरात वस्ती करू शकतो. उंदरात स्पर्धा लावली तर तो मागे पडतो, म्हणजे व्हॅक-एचा त्याला उपयोग आहे. पण त्याच्याशिवाय तो मरत नाही. कॅग-ए तर कित्येक स्ट्रेनमध्ये मुळातच नसतं, आणि ते जंतू मजेत जगतात. याउलट यूरियेज बघा. हे एन्झाइम यूरियापासून अमोनिया बनवतं आणि जंतूभोवतीचं आम्ल मारून टाकतं. यूरियेज नसलेला जंतू पिलांच्या जठरात वस्ती करू शकला नाही, हे डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं.

म्हणजे एक हत्यार चोराच्या हातातल्या चाकूसारखं आहे आणि दुसरं त्याच्या घरात शिरायच्या चावीसारखं. चाकू काढून घेतला तर जखम कमी होईल, पण चोर घरात शिरायचा थांबणार नाही.

*दुसरा सांधा: अँटिबॉडी तिथे पोचतात का?*

घटसर्पाचं विष शरीरात फिरतं. एच. पायलोरी राहतो जठराच्या चिकट श्लेष्मात, शरीराच्या तसं बघितलं तर बाहेरच. रक्तातली आयजीजी तिथे किती पोचणार? आणि कॅग-एचा विचार करा. ते जंतूतून थेट पेशीत जातं. मधल्या वाटेवर अँटिबॉडी उभी राहणार कुठे? अँटिजेनिसिटीचा स्कोअर कितीही छान असो, भेटच होणार नसेल तर काय उपयोग.

एक साधं निरीक्षणही इथे पुरेसं बोलकं आहे. संसर्ग झालेल्या कितीतरी लोकांच्या रक्तात व्हॅक-ए आणि कॅग-ए या दोन्हींविरुद्ध अँटिबॉडी असतातच. तरी संसर्ग दशकानुदशकं टिकतो. निसर्गाने हा प्रयोग आधीच करून ठेवला होता, आपण त्याचा निकाल वाचला नाही.

*तिसरा सांधा: आपण मोजतोय ते कामाचं आहे का?*

१९९८ मध्ये बी-पेशीच नसलेल्या, म्हणजे अँटिबॉडी बनवूच न शकणाऱ्या उंदरांना यूरियेजची लस देऊन बघितली गेली. त्यांनाही संरक्षण मिळालं. म्हणजे निदान उंदरात तरी एच. पायलोरीविरुद्धचं काम टी-पेशींच्या भरवशावर चाललेलं असू शकतं. हे माहीत असताना पहिल्या टप्प्यात अँटिबॉडीचं टायटर बघून टाळ्या वाजवणं कितपत बरोबर? सोयीचं माप आणि कामाचं माप एकच असेल असं नाही. टायटर मोजणं स्वस्त आणि सोपं आहे, म्हणून आपण ते मोजतो.

*चौथा सांधा: तर्क एका गोष्टीचा, परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची.*

हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टॉक्सिन निवडण्यामागचा तर्क होता रोगाचा: टॉक्सिनमुळे रोग होतो. पण ट्रायलमध्ये मोजला गेला संसर्ग. घटसर्पाच्या टॉक्सॉइडला आपण 'घशात जंतू राहतो का' या कसोटीवर तोललं असतं तर तीही लस कदाचित नापास झाली असती!

मग रोगच का नाही मोजला? कारण अल्सर आणि कर्करोग यायला दशकं लागतात. तेवढं थांबणारी ट्रायल कोणी करत नाही. त्यामुळे २०१८ च्या निकालाचा अर्थ 'टॉक्सिन हे लक्ष्य म्हणून पूर्ण बाद' असा होत नाही. अर्थ इतकाच होतो की या तीन प्रथिनांनी, या मार्गाने, या क्षाराबरोबर दिल्यावर संसर्ग अडला नाही. जास्त काही म्हणाल तर तुम्हीही तोच 'म्हणून' वापरताय, फक्त उलट्या दिशेने.

आता चीनमधली ट्रायल: टॉक्सिन आहे, पण भूमिका वेगळी

२०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतातली ट्रायल आली. ६ ते १५ वयाची, संसर्ग नसलेली ४४६४ मुलं, निम्मी लशीच्या आणि निम्मी प्लासिबोच्या गटात. तोंडावाटे तीन डोस. पहिल्या वर्षात लशीच्या गटात १४ संसर्ग, प्लासिबोच्या गटात ५०. परिणामकारकता ७१.८ टक्के. एच. पायलोरीच्या लशीच्या इतिहासात असा आकडा आधी कोणी बघितला नव्हता.

या लशीत काय होतं? एच. पायलोरीचं यूरियेज-बी, आणि त्याला जोडलेलं ई. कोलायच्या उष्णता-संवेदी टॉक्सिनचं बी-उपएकक, म्हणजे एलटीबी.

नीट बघा. लक्ष्य आहे यूरियेज, जे टॉक्सिन म्हणून निवडलेलं नाही. टॉक्सिनचा तुकडा आहे तो दुसऱ्याच जंतूचा, आणि तो लक्ष्य म्हणून नाही, मदतनीस म्हणून आहे. एलटीची रचना सुंदर आहे: एक ए-भाग जो पेशीत जाऊन गोंधळ घालतो, आणि पाच बी-भागांचं कडं जे आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ या रेणूला पकडतं. ए-भाग काढला की विष गेलं, पण पकड राहिली. त्या पकडीमुळे सोबतचं प्रथिन श्लेष्मल त्वचेच्या प्रतिकारयंत्रणेसमोर नीट मांडलं जातं.

ए-भाग का काढायचा, याचंही उत्तर इतिहासात आहे. १९९९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात संसर्ग झालेल्या स्वयंसेवकांना यूरियेजबरोबर अख्खं एलटी तोंडावाटे दिलं होतं. जंतूंची संख्या काहीशी कमी झाली, संसर्ग गेला नाही, आणि बऱ्याच जणांना जुलाब मात्र झाले. उंदीर जे निमूट सहन करतो ते माणूस करत नाही. एलटी असलेली नाकावाटे द्यायची फ्लूची एक लस स्वित्झर्लंडमध्ये वापरात आली होती. तिच्यानंतर चेहऱ्याचा लकवा झालेल्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं आणि ती मागे घ्यावी लागली. टॉक्सिनला मदतनीस म्हणून कामावर ठेवताना त्याची जुनी ओळख विसरून चालत नाही.

आता या यशाकडेही तितक्याच कडक नजरेने बघू या.

- प्लासिबो गटात वर्षाला संसर्गाचं प्रमाण शंभरात साधारण अडीचच्या आसपास होतं. एकूण घटना ६४. त्यामुळे विश्वास-अंतर रुंद आहे: ४८.२ ते ८५.६ टक्के. '७२ टक्के' असं एका दमात सांगणाऱ्याला ते अंतर विचारा.
- पुढच्या वर्षांत परिणाम कमी होत गेला. हा संसर्ग आयुष्यभराचा आहे. तीन वर्षांचा पाठपुरावा उपयोगी आहे, पण आयुष्याचं उत्तर तो देत नाही.
- एकटं यूरियेज-बी दिलं असतं तर काय झालं असतं? दोन गटांच्या ट्रायलमधून हे कळू शकत नाही. ट्रायल 'हे उत्पादन चालतं का' हे विचारते, 'कशामुळे चालतं' हे नाही.
- यूरियेजच्या लशीची परीक्षा करताना निदान कशाने केलं ते नेहमी तपासा. यूरियाची श्वास-चाचणी यूरियेजचीच क्रिया मोजते. लशीने जंतू न जाता फक्त एन्झाइम दबलं तरी ती चाचणी फसू शकते. म्हणून दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीचा आधार लागतो.
- ट्रायल ६ वर्षांवरच्या मुलांत होती. भारतासारख्या देशात पुष्कळ मुलांना त्याआधीच संसर्ग झालेला असतो. इथे लस द्यायची तर फार लहान वयात द्यावी लागेल, आणि तोंडी लशी आपल्याकडच्या बाळांमध्ये कमी प्रतिसाद देतात हा पोलिओ आणि रोटाव्हायरसचा अनुभव आहे.

आणि हो, २०१५ आणि २०१८ या दोन ट्रायल शेजारी ठेवून 'बघा, यूरियेज जिंकलं, टॉक्सिन हरलं' असं म्हणायचा मोह होतो. मलाही वाचताना झाला. पण दोन्हींत अँटिजेन वेगळं, देण्याचा मार्ग वेगळा, मदतनीस वेगळा, वय वेगळं, आणि एकीकडे नैसर्गिक संसर्ग तर दुसरीकडे मुद्दाम पाजलेला डोस. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकीला देता येत नाही. प्रॅक्टिकलच्या पहिल्या वर्षाला शिकलेला नियम आहे हा.

एलटीचा पॅच: आकडे कधी बोलायला लागतात

टॉक्सिन जिथे खरोखर लक्ष्य होतं अशी एक स्वच्छ गोष्ट सांगतो. प्रवाशांना होणाऱ्या जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे ईटेक, म्हणजे टॉक्सिन बनवणारं ई. कोलाय. एलटी भरलेला त्वचेवरचा पॅच बनवला गेला. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दुसऱ्या टप्प्याचे निकाल आले. मेक्सिको आणि ग्वाटेमालाला जाणारे प्रवासी, ५९ पॅचच्या गटात, १११ प्लासिबोत. मध्यम ते तीव्र जुलाबांपासून ७५ टक्के संरक्षण! सगळीकडे बातमी.

आता तोच पेपर हळू वाचा. प्लासिबोच्या १११ जणांपैकी २४ जणांना जुलाब झाले, आणि त्यातल्या ११ जणांमध्येच ईटेक सापडलं. म्हणजे निम्म्याहून कमी. मग एलटीविरुद्धची लस अगदी शंभर टक्के चालली तरी सगळ्या कारणांचे मिळून जुलाब किती कमी व्हायला हवेत? साधारण निम्मे. ७५ टक्के कुठून आले? शक्यता आहेत: ईटेक प्रयोगशाळेत निसटलं असेल, तीव्र जुलाबांत त्याचा वाटा जास्त असेल. पण सगळ्यात साधी शक्यता ही की गट लहान होते आणि आकडा योगायोगाने मोठा आला.

२०१४ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल आला. युरोपातले २०३६ प्रवासी. एलटी असलेल्या ईटेकचे मध्यम ते तीव्र जुलाब पॅच गटात ८२१ पैकी ३० जणांना, प्लासिबोत ८२३ पैकी ४६ जणांना. परिणामकारकता ३४.६ टक्के, विश्वास-अंतर शून्याच्या खाली जाणारं. ट्रायल अपयशी.

जीवशास्त्रीय कमाल मर्यादेपेक्षा परिणाम मोठा दिसला की आनंद करायचा नाही, शंका घ्यायची. ही एक सवय तुम्ही लावून घेतलीत तरी हा लेख सार्थकी लागला.

शिवाय ईटेकची दुसरी अडचण आहे. त्याचं दुसरं टॉक्सिन एसटी, फक्त १८-१९ अमिनो आम्लांचं. इतकं लहान की प्रतिकारशक्तीला ते दिसतच नाही, आणि आपल्याच आतड्यातल्या एका हॉर्मोनसारखं दिसणारं. कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या जेम्स या मोठ्या अभ्यासात लहान मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांच्या प्रमुख कारणांत एसटी बनवणारं ईटेक होतं. म्हणजे जे टॉक्सिन लशीसाठी सोयीचं, ते मुलांसाठी सगळ्यात घातक असेलच असं नाही.

कॉलरा: अगदी थोडक्यात

कॉलराचं नाव न घेता हा विषय संपवणं अन्याय होईल, कारण कॉलरा टॉक्सिनचा शोध आपल्याच देशातला. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं हे दाखवलं. इतकं ठळक टॉक्सिन असताना टॉक्सॉइड चालायलाच हवं होतं. १९७४ मध्ये बांगलादेशातल्या मतलबमध्ये टोचण्याचं टॉक्सॉइड वापरून बघितलं. संरक्षण फारसं नाही.

१९८५ मध्ये तिथेच मोठी तोंडी ट्रायल झाली. एका गटाला मारलेले अख्खे जंतू, दुसऱ्याला तेच अधिक टॉक्सिनचं बी-उपएकक. पहिल्या सहा महिन्यांत ५८ विरुद्ध ८५ टक्के, म्हणजे बी-उपएककाचा फायदा स्पष्ट. तीन वर्षांच्या हिशेबात ५२ विरुद्ध ५०. फायदा गायब. टॉक्सिनविरुद्धचं संरक्षण लवकर आलं आणि लवकर गेलं. टिकलं ते जंतूविरुद्धचं. पुढे हैदराबादमध्ये बनलेल्या शानकॉलमध्ये बी-उपएकक नाहीच, आणि कोलकात्याच्या ट्रायलमध्ये पाच वर्षांत मिळून ६५ टक्के संरक्षण दिसलं.

या ट्रायलची रचना मला फार आवडते. फरक एकाच गोष्टीचा, म्हणून उत्तर एकाच गोष्टीचं. वर चीन आणि २०१८ ची तुलना का करता येत नाही हे समजायचं असेल तर मतलबचा पेपर वाचा.

आणि टॉक्सिन-लशींच्या बाजूने एक साक्ष

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा मोठ्या आतड्याचा संसर्ग. दोन टॉक्सिनं, दोन्हींविरुद्ध लस. २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीने जाहीर केलं की १७,५०० लोकांच्या तिसऱ्या टप्प्यात मुख्य कसोटी पार झाली नाही. पहिला आजार टाळण्यात परिणामकारकता ३१ टक्केच. पण वैद्यकीय उपचार घ्यावे लागलेले रुग्ण प्लासिबोत ११ होते, लशीच्या गटात एकही नाही. आकडे लहान आहेत, पण दिशा घटसर्पासारखीच: आजार होतो, सौम्य होतो. कसोटीच 'तीव्र आजार' अशी ठेवली असती तर? हा प्रश्न निकालानंतर विचारणं ही पळवाट असते. ट्रायलच्या आधी विचारणं हे संशोधन.

मग तुमच्या सिनॉप्सिसचं काय?

आता मूळ मुद्द्यावर. संगणकावर बनवलेल्या बहु-एपिटोप लशींचे शेकडो पेपर येतायत. लॅब नसलेल्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर संशोधन करता येतं, ही चांगलीच गोष्ट आहे; मी त्याची टर उडवणार नाही. पण त्यातले बहुतेक 'टॉक्सिन आहे, म्हणून लक्ष्य आहे' इथून सुरू होतात आणि 'टीएलआर-४ ला छान बसतं' इथे संपतात. वरच्या चार सांध्यांपैकी एकालाही सॉफ्टवेअर हात लावत नाही. तो हात तुम्हालाच लावावा लागतो.

म्हणून लिहायला बसण्याआधी एका कागदावर ही उत्तरं लिहा:

१. हे टॉक्सिन काढून टाकलेला जंतू प्राण्यात जगतो का? प्रयोग झालाय का?
२. टॉक्सिन कुठे भेटतं: रक्तात, पोकळीत, की थेट पेशीत? अँटिबॉडी तिथे असते का?
३. नैसर्गिक संसर्गात या टॉक्सिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात का, आणि झाल्या तर संसर्ग जातो का?
४. माझा दावा रोग अडवण्याचा आहे की संसर्ग? माझी चाचणी तेच मोजते का?
५. टॉक्सिन माझं लक्ष्य आहे की मदतनीस? दोन्ही असेल तर वेगवेगळं कसं तपासणार?
६. किती स्ट्रेनमध्ये ते आहे, आणि माझ्या भागातल्या स्ट्रेनमध्ये?

सहापैकी तिनाची उत्तरं नसतील तर विषय सोडायची गरज नाही. उलट, तीच तुमची संशोधनाची फट आहे. 'एच. पायलोरीच्या टॉक्सिनविरुद्ध लस' हा विषय शंभर जणांनी घेतलाय. 'जठराच्या श्लेष्मात व्हॅक-एविरुद्धची किती अँटिबॉडी पोचते आणि ती आम्लात टिकते का' हा विषय लहान दिसतो, पण त्याचं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

वायवाला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतात: हेच लक्ष्य का? 'कारण ते टॉक्सिन आहे' हे उत्तर आता तरी देऊ नका.

भेटू पुढच्या लेखात. तोवर वाचत राहा, आणि 'म्हणून' दिसला की थांबत राहा.